नवीन मोबाईलमधे एफएम का लागत नाही? आणि मोबाईलमधलं रेकॉर्डिंग जुन्या रेडिओवर ऐकवता येईल का?

मखमलाबादकर

नमस्कार मंडळी, प्रश्न दोन आहेत पण एकमेकांत गुंतलेत म्हणून एकत्रच टाकतोय.

आमचे दादा म्हणजे वडील, वय ७४, मखमलाबाद शिवारात आमचा द्राक्षाचा मळा आहे आणि ते अजून रोज सकाळी बागेत जातात. खिशात मोबाईल, कानात वायरवाला इयरफोन आणि आकाशवाणी नाशिक १०१.४, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं. मागच्या महिन्यात त्यांचा जुना फोन औषध कालवायच्या ड्रममधे पडला आणि गेला. मी एमजी रोडवरून चांगला ५जी फोन घेऊन दिला, घरी येऊन बघतो तर एफएमचं अ‍ॅपच नाही. दुकानात परत गेलो तर म्हणाले प्लेस्टोअरवरून टाकून घ्या. टाकलं, लागतंही, पण ते नेटवर चालतं आणि विहिरीच्या बाजूला रेंज इतकी कमी की नुसतं गोल फिरत राहतं. दादा म्हणतात "अरे रेडिओला कधी रिचार्ज लागतो का?" आणि मला उत्तर देता येत नाही.

दुसरं असं की घरात त्यांचा जुना रेडिओ सेट आहे, एफएम अजून खणखणीत लागतं, पण त्याला ना ब्लूटूथ ना पिन लावायची जागा. आई जाऊन तीन वर्षं झाली, तिच्या आवाजात जात्यावरच्या ओव्या मी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलेल्या आहेत, जवळपास चाळीस मिनिटं. फोनच्या स्पीकरवर दादांना नीट ऐकू येत नाही, आणि ब्लूटूथ स्पीकर आणतो म्हटलं तर नको म्हणतात, त्यांना त्या सेटवरच ऐकायचंय. मला पक्कं आठवतंय, एका मित्राकडे नोकियाचा फोन होता, त्यातलं गाणं तो गाडीच्या रेडिओवर वाजवायचा, मधे वायर वगैरे काही नव्हती. मग आजच्या फोनमधून का नाही होत? 'एफएम ट्रान्समीटर' नावाची दोन अ‍ॅप टाकून पाहिली, जाहिराती सोडून काही झालं नाही. कुणाला माहिती असेल तर सांगा, मनापासून विचारतोय.

सोल्डर_सातपूर

दादा मी वीस वर्षं मोबाईल रिपेअरिंग करतोय, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं सांगतो. वायफाय आणि ब्लूटूथची जी चिप असते ना, बऱ्याच फोनमधे त्याच चिपमधे एफएम रिसीव्हर पण असतो, म्हणजे वस्तू आत बसलेली असते. पण त्या चिपच्या एफएमच्या पायापासून हेडफोनच्या जॅकपर्यंत बोर्डवर एक लाईन ओढावी लागते आणि सोबत दोनचार बारीक पार्ट लागतात. कंपनीने ती लाईनच दिली नसेल तर चिप असून नसल्यासारखी. काही फोनमधे लाईन असते पण सॉफ्टवेअरमधून बंद ठेवतात, तिथे थोडी आशा असते. आणि काही फोनमधे रिसीव्हरच नसतो, उदाहरणार्थ आयफोन ७ आणि ८ मधे चिपही नाही आणि अ‍ॅन्टेनाही नाही हे अ‍ॅपलने २०१७ मधे स्वतःच सांगितलंय.

आता अ‍ॅन्टेना का, तर १०१.४ मेगाहर्ट्झची लाट जवळपास तीन मीटर लांब असते. ती नीट धरायला तिच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे पाऊण मीटर तरी तार पाहिजे. फोन सगळा मिळून सोळा सेंटीमीटर. म्हणून इयरफोनची सव्वा मीटरची वायर हीच एफएमची अ‍ॅन्टेना धरलेली असते, इयरफोन काढला की "हेडफोन जोडा" असा मेसेज येतो तो यामुळेच. ब्लूटूथचे इयरफोन लावून उपयोग नाही, त्यात तारच नाही.

दुकानवाल्याने सांगितलं ते अ‍ॅप म्हणजे नेटवरचं स्ट्रीमिंग, तो रेडिओ नाहीच. ६४ केबीपीएसचं स्ट्रीम असेल तर तासाला २९ एमबीच्या आसपास डेटा जातो आणि टॉवर गेला की आवाज गेला. खऱ्या एफएमला सिम पण लागत नाही, बऱ्याच फोनमधे तर विमान मोड लावला तरी चालू राहतं.

निफाडची_पोर

सोल्डर दादांनी बरोबर सांगितलंय, त्यात माझी थोडी भर. माझ्या फोनला गोल जॅक नाही, खाली टाईप सीच आहे आणि तरी एफएम लागतं. पण कुठल्याही टाईप सी इयरफोनवर नाही. बाजारातून एक चांगला महागाचा आणला तर फोन म्हणे हेडफोन जोडा, आणि शेजारच्या काकूंचा साधा स्वस्तातला लावला तर लगेच स्टेशन सुरू. नंतर कळलं की महागवाल्याच्या पिनमधेच आवाजाची डिजिटल चिप असते त्यामुळे अ‍ॅन्टेनाची जोडणी आतपर्यंत पोचतच नाही, साध्यावाल्यात वायर थेट आत जाते. म्हणून फोन घेण्याआधी दुकानात इयरफोन लावून एफएम चालू करून बघायचं, नुसतं स्पेसिफिकेशन वाचून येऊ नका.

आणि अजून एक, चार्जिंगला लावून एफएम ऐकू नका. आमच्याकडे चार्जर लावला की खरखर, काढला की स्वच्छ. ओट्यावरच्या एलईडी बल्बखाली पण तेच.

पंचवटी_घाट

विषय निघालाय म्हणून लिहितो. ऑगस्ट २०१९ च्या गोदावरीच्या पुरात नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला होता आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी होतं. लाईट सकाळपासून नाही, मोबाईलला कधी नेटवर्क यायचं कधी जायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं खरं कुठलं आणि दोन वर्षांपूर्वीचं कुठलं काही कळेना. माझ्या आत्याकडे साधा बटणांचा फोन होता, त्यात एफएम, तेवढं एक चालू होतं. धरणातून किती क्युसेक सोडलं हे आम्ही बारा माणसं जिन्यात बसून त्या एका फोनवर ऐकत होतो, इयरफोन फक्त अ‍ॅन्टेना म्हणून लावलेला आणि आवाज स्पीकरवर काढलेला. तेव्हापासून मी घरात एफएमवाला एक तरी फोन ठेवतोच.

सरकारलाही हे पटलेलं दिसतं. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मधे मोबाईल बनवणाऱ्यांना लेखी सूचना दिली की ज्या फोनमधे एफएम रिसीव्हर आहे तिथे तो बंद करून ठेवू नका, आणि जिथे नाही तिथे बसवा. पूर, वादळ अशा वेळी रेडिओच पोचतो हे कारण त्यात दिलं होतं. तरीही आज इतके फोन एफएमशिवाय विकले जातात याचं मला फार वाईट वाटतं. गरिबाला फुकट मिळणारी गोष्ट आहे ही.

गंगापूररोड_काका

मखमलाबादकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलतो. माझी सगळी नोकरी इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्याची, आता निवृत्त आहे.

तुमची आठवण अगदी बरोबर आहे. नोकियाच्या एन७८, एन९७, एन८ या फोनमधे, म्हणजे साधारण २००८ ते २०१० च्या काळात, एफएम ट्रान्समीटरची सोय खरोखर होती. फोनवर एक फ्रिक्वेन्सी निवडायची, गाडीचा रेडिओ त्याच आकड्यावर लावायचा, की फोनमधलं गाणं तिकडे. पण त्याची ताकद किती होती ते बघा. युरोपात अशा उपकरणाला ५० नॅनोवॅटची मर्यादा आहे. आपल्या नेहमीच्या ब्लूटूथची ताकद अडीच मिलिवॅट धरली तरी ती याच्या ५० हजार पट होते. म्हणून तो आवाज दोनतीन मीटरच्या पलीकडे जात नसे. पुढे गाड्यांत ऑक्सची पिन, म्हणजे वायरने थेट आवाज आत घ्यायची सोय, आली, ब्लूटूथ आलं, आणि कंपन्यांनी तो भाग काढून टाकला.

आजच्या फोनला पाठवता का येत नाही, तर एफएमच्या पट्ट्यात लहरी तयार करून बाहेर सोडणारं सर्किट आणि त्याला अ‍ॅन्टेना, दोन्ही त्यात बसवलेलं नसतं. फोन दिवसभर लहरी सोडत असतो हे खरं, पण त्या ७०० मेगाहर्ट्झच्या वरच्या, आणि एफएम आहे ८८ ते १०८ मधे. अ‍ॅपने हे बदलत नाही. बासरीला कितीही चांगला वाजवणारा मिळाला तरी तिच्यातून पखवाज निघणार नाही. तेव्हा ती दोन्ही अ‍ॅप आजच काढून टाका, अशी अ‍ॅप कॉन्टॅक्ट आणि लोकेशनची परवानगी मागत बसतात.

तुमचं काम मात्र होईल. गाडीच्या लायटरमधे खोचतात ते ब्लूटूथवालं एफएम ट्रान्समीटर आणा. त्याच्या आत दोन भाग असतात, एक फोनकडून ब्लूटूथने आवाज घेतो आणि दुसरा तो एफएमवर सोडतो. ते १२ व्होल्टवर चालतं. घरी गाडी नसली तरी तुमच्याकडे फवारणीचा बॅटरीवाला पाठपंप असेलच, त्याची बॅटरी बहुतेक १२ व्होल्टचीच असते. लायटरचं सॉकेट वायरसकट वेगळं मिळतं, लाल वायर प्लसला आणि काळी मायनसला लावा, मधे एक छोटा फ्यूज टाका. मग रेडिओचा काटा फिरवत जिथे नुसता सूंऽऽ आवाज येतो, कुठलंच स्टेशन नाही, अशी जागा शोधा आणि तोच आकडा ट्रान्समीटरवर लावा. १०१.४ च्या किंवा रेडिओ विश्वासच्या ९०.८ च्या अगदी शेजारी नको, शेजारचं स्टेशन आत शिरतं.

सोल्डर_सातपूर

काकांचा उपाय चांगला आहे, अजून एक सांगतो. सेट माझ्यासारख्या कुणाकडे नेला तर व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे आवाजाच्या बटणामागच्या पार्टवर, कपॅसिटर मधे टाकून ऑक्सची वायर काढता येते, आवाज एफएमपेक्षा स्वच्छ येतो. फक्त सेट सेलवर चालणारा पाहिजे. थेट लाईटवर चालणारे काही जुने सेट असे असतात की त्यांच्या बोर्डवरच २३० व्होल्ट फिरत असतात, त्याला घरच्या घरी हात लावायचा नाही आणि फोन तर जोडायचाच नाही.

दिंडोरीचा_वारकरी

काका एक विचारू का, आमच्या गावात दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो, म्हातारी माणसं मंडपापर्यंत येऊ शकत नाहीत. असलंच पण जरा दणकट ट्रान्समीटर ऑनलाईन मिळतं, ते देवळावर लावलं तर गावभर घराघरातल्या रेडिओवर कीर्तन ऐकू जाईल का?

गंगापूररोड_काका

ऐकू जाईल, पण करू नका. हेतू चांगला आहे हे मान्य, तरी परवान्याशिवाय एफएम प्रसारण हा आपल्याकडे गुन्हा आहे. बिहारमधे वैशाली जिल्ह्यातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तरुणाने गावासाठी असंच स्टेशन चालवलं होतं, लोकांचं त्यावर खूप प्रेम होतं, तरी २००६ मधे ते बंद करावं लागलं.

आणि कायद्यापेक्षा मला काळजी वेगळीच वाटते. एफएमचा पट्टा १०८ ला संपतो आणि तिथूनच विमानांचा सुरू होतो, आधी उतरताना दिशा दाखवणारे सिग्नल आणि ११८ पासून पुढे वैमानिकांचं बोलणं. स्वस्तातल्या ट्रान्समीटरला फिल्टर धड नसतो, तो ठरलेल्या आकड्याशिवाय आजूबाजूलाही घाण सोडतो. दिंडोरीपासून ओझरचं विमानतळ काही लांब नाही.

रीतसर मार्ग आहे. शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणापासून सामाजिक संस्थांनाही कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे आसपासच्या लोकांसाठीच्या छोट्या स्टेशनचा, परवाना मिळतो, ५० वॉटपर्यंतचा ट्रान्समीटर लावता येतो, नाशिकचं रेडिओ विश्वास त्यातलंच. एका सप्ताहासाठी ते शक्य नाही हे कळतं मला. तेवढ्यापुरतं कीर्तनाचं यूट्यूब लाईव्ह लावा आणि ज्या घरी म्हातारं माणूस आहे तिथे नातवाला फोन आणि स्पीकर घेऊन बसवा.

दिंडोरीचा_वारकरी

विमानाचं माहीतच नव्हतं काका. मंडळाला सांगतो. राम कृष्ण हरी.

मखमलाबादकर

सगळ्यांचे आभार, काय झालं ते सांगायला आलो.

पहिलं म्हणजे तो ५जी फोन मी माझ्याकडे घेतला आणि दादांना बटणांचा साधा फोन आणला, निफाडच्या ताईंनी सांगितलं तसं दुकानातच इयरफोन लावून १०१.४ ऐकून मग पैसे दिले. विहिरीपाशी पण लागतं. इयरफोनची वायर त्यांनी सदऱ्याच्या आत गुंडाळून कोंबली होती त्यामुळे खरखर यायची, वायर मोकळी सोडल्यावर स्वच्छ झालं.

दुसरं, गाडीचं ट्रान्समीटर घेतलं, पंपाची बॅटरी, फ्यूज, सगळं काकांनी सांगितलं तसंच. आमच्याकडे ८८.३ ला मोकळी जागा मिळाली. सुरुवातीला आवाज फाटत होता, मग लक्षात आलं की फोनचा व्हॉल्यूम पूर्ण होता, तो थोडा कमी केला आणि मोठा आवाज रेडिओवरूनच घेतला. काल संध्याकाळी दादा ओसरीवर बसले होते, मी काही न सांगता सेट चालू केला. आधी जात्याची घरघर येते ना रेकॉर्डिंगमधे, ती ऐकून त्यांना वाटलं स्टेशन नीट लागलं नाही, उठून काटा फिरवायला हात पुढे केला आणि तेवढ्यात आईने पहिली ओवी उचलली. हात तसाच काट्यावर राहिला. चाळीस मिनिटं ते तिथून हलले नाहीत.

आता रोज संध्याकाळी लावायला सांगतात. सोल्डर दादा, सेट सेलवरचाच आहे, मोठे चार सेल लागतात. ती ऑक्सची वायर काढून घ्यायला रविवारी सातपूरला आणला तर चालेल का? दुरुस्तीत सेट एक रात्र पण ठेवून घ्यायचा नाही असं दादांनी बजावलंय.

सोल्डर_सातपूर

या. अकरापर्यंत या, तुमच्यासमोर करून देतो, तासाभराचं काम आहे. दादांनाही आणा.