जोकरने हीथ लेजरचा जीव घेतला, ही कथा आता पुरे

पडद्यामागची
काल 'निशाचर' यांनी 'द डार्क नाइट' या बॅटमॅनच्या सिनेमातल्या खलनायकावर, हीथ लेजर या नटाने केलेल्या जोकरवर लिहिलं. कौतुकाचा भाग पटला. पण शेवटचं वाक्य वाचून राहवेना: "भूमिकेसाठी त्याने जीव दिला, अशी कला पुन्हा होणे नाही." आणि त्याखाली 'अगदी अगदी'ची रांग.

जीव दिला नाही हो त्याने. २२ जानेवारी २००८ला तो न्यूयॉर्कमध्ये गेला, तेव्हा जोकरचं चित्रीकरण आधीच्याच वर्षी संपलेलं होतं. तो पुढच्या, दिग्दर्शक टेरी गिलियमच्या सिनेमात काम करत होता. खरं तर तोच त्याचा शेवटचा सिनेमा, उरलेला भाग जॉनी डेप, ज्यूड लॉ आणि कॉलिन फॅरल यांनी पुरा केला. शवविच्छेदनानंतर निष्कर्ष निघाला तो डॉक्टर लिहून देतात तशा औषधांच्या एकत्रित परिणामाचा: वेदनाशामकं, झोपेची, चिंतेवरची, मिळून सहा. अपघाती मृत्यू, असं स्वच्छ जाहीर झालं. वय अठ्ठावीस.

मला राग याचा येतो की या दंतकथेपायी त्याचं काम कोणी बघतच नाही. ओठांच्या कडांवरून सारखी फिरणारी ती जीभ बघा. व्रणांचा मेकअप सैल व्हायचा म्हणून ती सवय लागली असं सांगतात, पण ती पात्राची करून टाकली ती त्याने. एकाच वाक्यात आवाज चढतो, घसरतो, पुढचा शब्द कुठल्या पट्टीत येईल याचा अंदाज लागत नाही. व्रणांची हकीकत एकदा दारुड्या बापाची, दुसऱ्यांदा बायकोची, आणि दोन्ही वेळा तो तितकाच खरा वाटतो. आपण हादरतो ते इथे, कारण या माणसाला धरायला भूतकाळच उरत नाही. चौकशीच्या खोलीत बॅटमॅन त्याला आपटतो आणि तो हसतो. मार खाणाऱ्याच्या हातात सगळी सूत्रं आहेत हे फक्त मानेच्या आणि खांद्यांच्या ठेवणीतून कळतं. वेडाच्या भरात हे होत नाही. दर टेकला तेच, तितकंच मोजून करावं लागतं.

निशाचर
माझ्या लेखावर धागा काढलात, आभार. पण अर्धीच बाजू मांडलीत. लंडनच्या हॉटेलात जवळजवळ महिनाभर स्वतःला कोंडून घेऊन त्याने आवाज शोधला, जोकरची वही लिहिली, हे त्याने स्वतः सांगितलंय. नोव्हेंबर २००७च्या मुलाखतीत तो म्हणाला की रात्रीची सरासरी दोन तास झोप मिळतेय, शरीर थकलंय पण डोकं थांबत नाही. हे कुठून आलं मग? औषधांची यादी वाचून दाखवली म्हणजे कारण सांगितलं असं होत नाही. झोप का उडाली, ते सांगा.

पडद्यामागची
त्याच काळात त्याने हेही सांगितलं की आजवर कुठलीही भूमिका करताना इतकी मजा आली नव्हती. ते तुमच्या लेखात नाही. गिलियमच्या सिनेमात सोबत असलेले ख्रिस्तोफर प्लमर सांगतात की लंडनच्या ओल्या, थंड रात्री चित्रीकरण चाललं होतं, सगळ्यांनाच सर्दी झाली, लेजरची मात्र हटेना आणि तो झोपू शकत नव्हता. आजारी, थकलेला, झोप नसलेला माणूस. त्याला जोकरच कशाला लागतो?

कट_टू
जोकरसाठी मिळालेल्या ऑस्करचंही बोला. तो हयात असता तर मिळालं असतं? मायकल शॅनन आणि फिलिप सीमोर हॉफमन नामांकनाच्या त्याच यादीत होते. २००९चा तो पुरस्कार श्रद्धांजली होती.

पडद्यामागची
मृत्यूनंतर अभिनयाचं ऑस्कर त्याआधी फक्त पीटर फिंचला मिळालं होतं, १९७७ साली. जेम्स डीनला मरणोत्तर दोनदा नामांकन झालं, पुरस्कार एकदाही नाही. नुसत्या हळहळीवर बाहुली मिळत नाही.

तिसरी घंटा
मला यात वेगळं सांगायचंय. या दंतकथेची किंमत मी मोजली आहे.

स्पर्धेच्या नाटकात मूल गमावलेल्या बाईची भूमिका होती. दिग्दर्शक तालमीआधी मला उपाशी ठेवायचे, रात्री उशिरा फोन करून संवाद म्हणायला लावायचे. रडू आलं नाही की सगळ्यांसमोर म्हणायचे, "हीथ लेजरने जीव दिला, तुला झोप देता येत नाही?" शब्दशः हेच. प्रयोगाच्या दिवशी माझा आवाज बसलेला होता आणि दुसऱ्या अंकात मी संवाद विसरले. उपासमारीने भूमिका खोल गेली नाही, फक्त मी आजारी पडले. कोणी 'जीव ओतला' असं कौतुकाने लिहितं तेव्हा मला ती तालमीची खोली आठवते.

रंगपट
ताई, तुमच्या दिग्दर्शकाचं वागणं वाईटच. पण त्यावरून मेहनतच बाद करायची का? आजच्या मालिका बघा. खलनायिका एक भुवई वर करते, कॅमेरा तीन बाजूंनी तिच्या अंगावर धावतो, ढोल वाजतो, झाला अभिनय. सेटवर येऊन संवाद हातात घेणारी मंडळी. लेजरसारखा महिना देणारा एक दाखवा. त्रास नको म्हणता म्हणता कामच नको होत चाललंय.

तिसरी घंटा
मी काम नको कुठे म्हणाले? पाठांतर, आवाजाचा रियाज, पात्राचं चालणं शोधणं, हे सगळं मी करत होते. उपाशी राहणं हे काम नाही. तुम्ही दोन्ही एकाच पोत्यात भरताय आणि वर मलाच आळशी ठरवताय.

रंगपट
आळशी म्हटलेलं नाही, शब्द तोंडात घालू नका. थोडी झळ सोसल्याशिवाय रंगमंचावर धग येत नाही, एवढंच म्हणतोय. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय.

तिसरी घंटा
पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं म्हणून योग्य? ज्यांनी नाटक सोडलं त्यांना विचारा. माझ्याबरोबरच्या दोघी पुन्हा कधी तालमीला आल्या नाहीत. तुम्ही प्रेक्षकांत बसून धग मोजा.

अवलिया
भांडू नका, निळू फुले आठवा. 'सामना'तला हिंदुराव बघून आजही पोटात गोळा येतो. बायका त्यांना खरोखरीच शिव्या घालायच्या, इतका तो सरपंच, तो साखरसम्राट लोकांच्या अंगावर आला होता. आणि माणूस कसा? सेवा दलाच्या मुशीतला, कलापथकातून आलेला. डॉ. लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी वणवण केलेला. हिंदुराव व्हायला त्यांना घरी हिंदुराव व्हावं लागलं नाही. माणसं बघितली होती, सत्तेची मस्ती जवळून न्याहाळली होती, ती मोजून पडद्यावर आणली.

रंगपट
फुल्यांचं नाव घेतलंत म्हणजे आता बोलायची सोय राहिली नाही. त्यांच्याबाबतीत मान्य. पण प्रत्येकाकडे ती नजर नसते. कोणाला आत शिरूनच सापडतं. लेजर तसाच नट असेल.

निशाचर
तेच तर म्हणतोय! आणि इस्पितळाच्या स्फोटाचं दृश्य? परिचारिकेच्या वेशात बाहेर येतो, स्फोट मध्येच थांबतो, तो रिमोट खाटखाट दाबतो. ते तिथल्या तिथे सुचलेलं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. आत शिरल्याशिवाय असं सुचत नाही.

पडद्यामागची
शिकागोत खरी इमारत पाडली होती, निशाचर. एकदाच पडणारी इमारत नटाच्या लहरीवर कोण सोडेल? सुरुंगांचा क्रम आधीच ठरवावा लागतो. त्याचं मोठेपण यात आहे की पाठीमागे इमारत कोसळत असताना ठरवलेला थांबा त्याने हातातलं खेळणं बिघडल्यासारखा करून दाखवला. तुम्ही त्याला 'सुचलं' म्हणता आणि त्याच्या हातचं श्रेय काढून घेता. कोठडीत जोकर वाजवतो त्या संथ टाळ्या त्याला स्वतःला सुचलेल्या होत्या असं सांगतात, त्या मला मान्य. ओलिसाला छळतानाची ती थरथरती चित्रफीतही दिग्दर्शक नोलनने त्याच्यावरच सोपवली होती. पात्राच्या डोक्यात हरवलेल्या माणसाकडे कोणी दिग्दर्शनही देत नाही.

निशाचर
चित्रफितीचा मुद्दा बिनतोड आहे, कबूल करावं लागतंय. 'जीव दिला' हे वाक्य लेखातून काढतो, तेही तिसरी घंटा यांच्यासाठी, तुमच्या युक्तिवादासाठी नाही. झोपेबद्दलची मुलाखत मात्र राहणार. तो थकला होता, आणि जोकरचा त्यात वाटाच नव्हता असं तुम्हीही छातीठोक सांगू शकत नाही.

तिसरी घंटा
मुलाखत ठेवा. तिच्याशेजारी मजा आली म्हणाला तेही ठेवा. माझ्यासमोर कोणी ती दोन्ही एकत्र वाचली असती, तर मी त्या तालमीतून पहिल्याच आठवड्यात उठले असते.