माणसं रंगवली की जीव शांत होतो म्हणे!

खडूस ठाणेकर: काल इथे कोणीतरी लिहिलं, जीव घाबरा होत असेल, एकटं वाटत असेल तर माणसांची चित्रं काढा, अमूर्त, म्हणजे नुसत्या रंग-आकारांची चित्रं, ही नुसती पळवाट. डोकंच फिरलं. अहो नॉर्वेच्या मुंकने 'स्क्रीम'मधला तो घाबरलेला माणूस काढला १८९३ ला आणि १९०८ ला कोपनहेगनच्या मानसोपचाराच्या क्लिनिकात भरती झाला, कुठे गेली शांतता? आणि अमूर्तवाले गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, एकटे राहून रंगवत होते, कॅनव्हासवर एक माणूस नाही. ती पळवाट?

कोरा कॅनव्हास: पोस्ट माझीच. आजार बरा होतो असं म्हटलंय कुठे? तोच मुंक १९१९ ला स्पॅनिश फ्लूत स्वतःलाच रंगवतो, पांघरूण घेऊन खुर्चीत, तोंड उघडं. चित्रकार तैयब मेहतांनी ४७ च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवर खिडकीतून एकाला मारताना पाहिलं, कोसळणारा माणूस पुढे त्यांच्या चित्रांत येतच राहिला. नुसते पट्टे मारून हे निघालं असतं?

अर्धवटराव: पण माणूस काढता येतो कुणाला? शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत स्मरणचित्राला (आठवून काढायच्या चित्राला) सरांनी चारच माणसं पाठ करून घेतली, पाठमोरी बाई, छत्रीवाला, फुगेवाला, हमाल. विषय जत्रा असो की बसस्टॉप, तीच चार. बी ग्रेड!

पमाताई: आमच्या बाई सांगायच्या हात खिशात घाला, बोटं काढायला नकोत 😂 बायकांचे पदराखाली.

अर्धवटराव: आणि वर दहावीला वाढीव मार्क! चित्रकलेची वाट लावली ती या परीक्षांनीच.

खडूस ठाणेकर: विषय काय, चाललंय काय?

अर्धवटराव: विषय हाच आहे साहेब, तुम्हीच गायतोंडे गायतोंडे करताय.

कोरा कॅनव्हास: लॉकडाऊनमध्ये बाबा आयसीयूत होते, भेटू देत नव्हते. रोज रात्री आठवून त्यांचा हात काढायचे, सलाईनची चिकटपट्टी लावलेला. एकदाही जमला नाही, अंगठा भलतीकडेच जायचा. पण तेवढा अर्धा तास फोन वाजेल ही धास्ती नसायची. आता म्हणा काय म्हणायचं ते.

खडूस ठाणेकर: बरं बाई, हाताचं मान्य. आमचे ठाण्याचे डॉक्टर-चित्रकार सुधीर पटवर्धनही दिवसा एक्सरे बघून उरल्या वेळात लोकलमधली, रस्त्यावरची माणसंच रंगवायचे, तेही तुमच्या खात्यात जमा करा. पण 'नुसते पट्टे' मागे घ्या. गायतोंडे रोलरने थरावर थर चढवायचे.

कोरा कॅनव्हास: 'नुसते' मागे घेतलं. पट्टे राहू देत.

पमाताई: ते अंगठ्याचं कोणी शिकवेल का? मी अजून खिशातच घालते.