अनुभव धागा: पुनरुत्थानाच्या सणाने तुमच्या श्रद्धेत काय नवे केले?

ईस्टरच्या रात्री किंवा पहाटे आपल्या श्रद्धेत खरोखर काही हलले असेल, तर ते सविस्तर लिहावे. उपदेश नको, अनुभव हवा.

वसईहून

आमच्या देवळात ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीला आधी सगळे दिवे मालवतात. अंगणात नवा अग्नी पेटवून फादर पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस, आल्फा आणि ओमेगा ही ग्रीक लिपीतली पहिली व शेवटची अक्षरे, आणि चालू वर्षाचे आकडे कोरतात, कारण सर्व काळ ख्रिस्ताचा आहे असे तो विधी सांगतो. ज्या वर्षी आई गेली, त्या वर्षाचे आकडे मेणावर उमटताना पाहून मला संताप आला होता. पुढे बाप्तिस्म्याच्या वचनांचे नवीकरण आले. सैतानाचा त्याग करण्याला मी इतरांबरोबर होकार दिला, पण देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास आहे का, या प्रश्नाला माझा आवाज फुटला नाही. शेजारी उभ्या मावशीने ‘होय, आहे’ म्हटले, तेही माझ्याकडे पाहत, जणू माझ्या वाट्याचे तिनेच म्हणून टाकले. पुढच्या वर्षी मी ते पुटपुटलो. विधीत हीच वचने दरवर्षी पुन्हा का विचारतात, हे मला तेव्हा कळले. एकदा दिलेला होकार आयुष्यभर पुरत नाही.

मुंबईहून, परिचारिका

2020 साली ईस्टर 12 एप्रिलला होता. कोविडमुळे देवळे बंद होती आणि माझी रात्रपाळी होती. सगळ्या जणी डोक्यापासून पायांपर्यंत एकाच पोशाखात गुंडाळलेल्या असल्यामुळे रुग्ण आम्हाला केवळ आवाजावरून ओळखत. रिकाम्या कबरेजवळ येशूची शिष्या मरिया मग्दालिया हिला येशू माळी वाटतो आणि त्याने नावाने हाक मारल्यावरच ती त्याला ओळखते, हा योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या रात्री मी प्रत्येक खाटेपाशी जाऊन नाव घेऊन हाक मारली. माझी मिस्सा, देवळातली उपासना, तीच होती.

अहिल्यानगरहून

आमची मंडळी प्रोटेस्टंट आहे. ईस्टरच्या पहाटे आम्ही अंधारातच दफनभूमीत जमतो आणि पेटी-तबल्यावर भजने म्हणतो, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी रुळवलेली ही भजनांची वाट आमच्याकडे अजून जिवंत आहे. एके वर्षी पाळकांनी येशूचा शिष्य पेत्र याच्याविषयी सांगितले: त्याने येशूची ओळख तीनदा नाकारली, आणि पुनरुत्थित प्रभूने त्याला एकदाही जाब न विचारता ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ असे तीनदा विचारले. वडिलांच्या कबरीच्या पलीकडच्या बाजूला माझा थोरला भाऊ उभा होता आणि जमिनीवरून आमचे बोलणे सहा वर्षे बंद होते. भक्ती संपल्यावर मी त्याला चहाला बोलावले. बोलणे सुरू झाले. वाटणी मात्र अजून तशीच अडली आहे.

पुण्याहून

वरील अनुभवांसारखे मला काही झालेले नाही, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे 40 दिवस आम्ही नेमाने मोजतो, मांस सोडतो, क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना, करतो. ईस्टरपासून पेंटेकॉस्ट या पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंतचे आनंदाचे 50 दिवस मात्र कोणी मोजताना मला दिसत नाही. दुःख पाळायला आम्हाला येते, आनंद पाळायला येत नाही, असे माझे मत झाले आहे. ईस्टरनंतरच्या रविवारी संशय घेणाऱ्या संत थॉमसचे शुभवर्तमान वाचतात. त्या दिवशी बाके बरीच रिकामी असतात, आणि मी त्याच रविवारी आवर्जून जातो.