अनुभव धागा: भयपटाची जुनी रेकॉर्ड नव्याने निघते तेव्हा

धागाकर्ता, पुणे

'सुस्पिरिया' या इटालियन भयपटाचं संगीत मी पहिल्यांदा ऐकलं ते कॅसेटवर, इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये. कॅसेटवरून उतरवलेली कॅसेट, तिच्यावरून पुन्हा एक. माझ्यापर्यंत आली तेव्हा निम्मा आवाज नुसता सूं-सूं होता. वर बॉलपेनने फक्त 'गोब्लिन' हे बँडचं नाव लिहिलेलं. पिक्चर पाहिलेला नव्हता, दारिओ अर्जेंतो हे दिग्दर्शकाचं नावही माहीत नव्हतं. तरी दिवे मालवून ती ऐकायची हिंमत आमच्या विंगेत दोघातिघांनाच होती.

गेल्या महिन्यात नव्याने छापलेली रेकॉर्ड हातात आली. शाळेत असताना मी सात वर्षं तबला शिकलो, हे आधी सांगायला हवं. पहिल्या बाजूचा पहिलाच तुकडा. सेलेस्टावरची (घंट्यांसारखा किणकिणणारा छोटा पियानो) ती पाळण्यावर टांगलेल्या खेळण्यासारखी धून, मग बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य, मग अगदी कानाशी येऊन कोणीतरी 'ला ला ला' कुजबुजतंय. आणि तळाशी घुमक. इतकी वर्षं मी तो कुठलातरी मोठा ढोल समजत होतो. हा डग्गा आहे! मनगट दाबून सरकवलेला डग्गा. उठून कव्हर उलटून पाहिलं: फाबिओ पिन्यातेल्ली, बास गिटार आणि तबला. १९७७ साली इटलीतला एक बास वाजवणारा माणूस चेटकिणींच्या पिक्चरसाठी तबला घेऊन बसलाय, आणि मला ते कळायला अर्धं आयुष्य जावं लागलं. त्या रात्री तो एकच तुकडा मी सहा वेळा लावला.

ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: क्लाउदिओ सिमोनेत्ती की-बोर्डवर, मास्सिमो मोरान्ते गिटारवर, पिन्यातेल्ली आणि ड्रमवर आगोस्तिनो मारांगोलो. आधी यांचं नाव चेरी फाइव्ह होतं. अर्जेंतोच्याच १९७५ च्या 'प्रोफोन्दो रोस्सो'चं काम जॉर्जिओ गास्लिनी या जॅझ संगीतकाराकडे होतं, त्यातला मोठा भाग या पोरांकडे आला आणि ती रेकॉर्ड इटलीत तुफान खपली. 'सुस्पिरिया'च्या वेळी अर्जेंतो सेटवर मोठ्या आवाजात संगीत लावून नटनट्यांना घाबरवायचा.

माझी विनंती अशी. भयपटांच्या संगीताची जुनी प्रत किंवा नवी छपाई ज्यांच्याकडे असेल त्यांनी लिहा. नव्यात काय ऐकू आलं, काय हरवलं? मूळ प्रत जिवापाड सांभाळावी की नवीवर समाधान मानावं? किमती नाही सांगितल्यात तरी चालेल.

ठाणे

डग्ग्याचं वाचून लगेच माझी प्रत काढली. खरंच आहे. धन्यवाद.

माझ्याकडे सिनेव्हॉक्स या मूळ कंपनीची १९७७ ची प्रत आहे आणि एक नवी रंगीत छपाईही. नवीचं माझं दुखणं वेगळं. मधलं भोक केंद्रात नव्हतं. गिटार-ड्रमच्या गोंगाटात हे कळत नाही, पण सेलेस्टाचा एकेक सूर लांबतो तिथे लगेच पकडलं जातं. सूर वर-खाली डोलतो, जणू कोणी पाण्यात बुडवून काढतंय. रेकॉर्ड फिरताना टर्नटेबलच्या सुई धरणाऱ्या दांडीकडे बघा. ती प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलत असेल तर समजा भोक चुकलंय. विकणाऱ्याला व्हिडिओ काढून पाठवला. उत्तर आलं की हे संगीतच असं भुताटकीचं आहे. मी चार पत्रं लिहिली तेव्हा बदली प्रत मिळाली, तीही साध्या काळ्या रंगाची. ती उत्तम वाजते.

नव्या लोकांना कळकळीने सांगतो, लाल शिंतोड्यांच्या रेकॉर्डमागे धावू नका. दिसायला सुंदर असतात, मलाही मोह होतो. पण प्रत्येक रंगीत प्रत शांत वाजेलच असं नाही, आणि या संगीतात शांततेला फार काम आहे. दुसऱ्या बाजूचा 'ब्लॅक फॉरेस्ट' ऐका. त्यातला बास नीट ऐकायचा तर खाली खरखर अजिबात नको.

मूळ की नवी? मूळ. ती थोडी हळू आवाजात कापलेली आहे, आपण हाताने आवाज वाढवायचा. नव्या छपाईत सगळंच पुढे येऊन उभं राहतं. भूत आधी लांब असायला हवं ना?

एडिसन, न्यू जर्सी (मूळची गिरगावची)

इथे ऑक्टोबर लागला की दुकानादुकानांत 'हॅलोवीन'ची पियानोची धून सुरू होते. १९७८ चा पिक्चर, दिग्दर्शक आणि संगीतकार दोन्ही जॉन कार्पेंटर. मुलाने तिची नवी छपाई आणली, नारिंगी रंगाची (ठाणेकर, माफ करा). मी भाकऱ्या करताकरता मात्रा मोजायला लागले. दहा भरल्या. म्हटलं झपताल! मुलाला टाळी देऊन दाखवायला गेले तर चुकतंय. झपताल दोन-तीन-दोन-तीन. हे तीन-तीन-दोन-दोन. समेवर बरोबर येतं, पण मधे पाय कुठे टाकायचा ते कळत नाही. त्या धुनीची भीती तिथेच आहे, असं मला वाटतं. साधी धून, पण उभं राहायला जागा देत नाही.

कार्पेंटरचे वडील संगीताचे प्राध्यापक. त्यांनी लहानपणी त्याला बाँगोवर पाचाचा (दुप्पट लयीत मोजला तर दहाचा) ठेका शिकवला होता, तोच त्याने वापरला. हे कळल्यावर मुलगा मला म्हणाला, आई, तू मला झपताल शिकव. त्यामुळे रेकॉर्डचे पैसे वसूल झाले.

नाशिक

इटली-अमेरिकेचं वाचून आनंद झाला, पण आपल्या घरातली भुतं कोणी आठवायची? १९४९ चा 'महल'. संगीत खेमचंद प्रकाश. 'आयेगा आनेवाला' सुरू होताना आवाज लांबून येतो, दाराआडून आल्यासारखा, आणि मग जवळ येत जातो.

आजोबांकडे त्या गाण्याची अठ्ठ्याहत्तरची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी होती. तिच्यावर गाणारीचं नाव होतं 'कामिनी'. म्हणजे पिक्चरमधल्या मधुबालाच्या पात्राचं. लता मंगेशकर हे नाव तिथे नाही. लोक रेडिओला विचारू लागले की ही कामिनी कोण, तेव्हा कंपनीकडून खरं नाव मिळवून सांगावं लागलं. नंतर एल.पी., कॅसेट, सीडी जे जे निघालं त्यावर 'लता मंगेशकर' छापलेलं. ते योग्यच आहे, तो तिचा हक्क आहे. पण भुताच्या पिक्चरमध्ये एक अशी बाई गाते जी जगात नाहीच, आणि ते तबकडीच्या लेबलवर लिहिलेलं असतं. ही गोष्ट कुठल्याच पुनर्मुद्रणात नाही.

ती तबकडी आता माझ्याकडेही नाही. कॉलेजात असताना मी ती स्पिरिटने पुसली. एल.पी.ला चालतं म्हणून हिला पण चालेल असं वाटलं. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. पांढरा डाग पडला आणि त्यानंतर तिथे सुई गेली की नुसता वाळूचा आवाज. आजोबा काही बोलले नाहीत. मला अजून त्याचं वाईट वाटतं. कृपा करून कोणी अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांना स्पिरिट लावू नका. मऊ ब्रश, आणि फार तर डिस्टिल्ड वॉटर लावून लगेच कोरडं करा.

लालबाग

पावसाळ्याबद्दल कोणीच बोललं नाही. प्लॅस्टिकची जाड पारदर्शक पिशवी रेकॉर्डला थेट लावू नका. काही वर्षांनी रेकॉर्डवर धुक्यासारखा थर येतो आणि तो पुसून जात नाही. आत पातळ पॉलिथिनची पिशवी असलेलं कागदी पाकीट घ्या. कव्हरला बुरशी लागली तर रेकॉर्ड वेगळी ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे.

लंडन (मूळ सांगलीचा)

मूळ की नवी, हा प्रश्न 'द विकर मॅन'च्या बाबतीत वेगळाच होतो. १९७३ चा पिक्चर. पॉल जोव्हानीने लोकगीतांच्या ढंगात केलेली गाणी, आणि त्या वेळी रेकॉर्डच निघाली नाही. म्हणजे मूळ प्रत नावाची वस्तू अस्तित्वातच नाही. रसिकांनी पंचवीस वर्षं वाट पाहिली. १९९८ साली ट्रंक रेकॉर्ड्स या कंपनीने पहिल्यांदा काढली, तीसुद्धा संगीताच्या मूळ टेपवरून नव्हे, तर पिक्चरच्या संगीत आणि आवाजांच्या पट्टीवरून.

हे मला आधी कळलं नव्हतं. सेकंडहँड दुकानात घेतली, घरी येऊन लावली, आणि गाण्यात मधेच पिक्चरमधले इतर आवाज. पहिल्यांदा चिडलो. वाटलं, हे काय, स्वच्छ करून नाही का काढायचं? मग स्वच्छ स्टीरिओ आवृत्तीही मिळाली. ती दोनदा ऐकली आणि कपाटात ठेवली. लावतो ती पहिलीच. माझ्या गावी बिरोबाच्या जत्रेत गजी ढोल वाजायचा तेव्हा त्यात बकऱ्यांचं ओरडणं, पोरांचं रडणं, सगळं मिसळलेलं असायचं. ते गाळून उरलेला ढोल मी कधी ऐकलेलाच नाही.

ठाणेकर, तुमच्या 'भूत आधी लांब असायला हवं' याला मात्र शंभर टक्के अनुमोदन.

कोल्हापूर

रोमला गेलो होतो तेव्हा अर्जेंतोचं 'प्रोफोन्दो रोस्सो' दुकान शोधून काढलं. बाहेरून एवढंसं. खाली तळघरात पिक्चरमधल्या मुखवट्यांचं आणि वस्तूंचं संग्रहालय. लुईजी कोत्सी हे दिग्दर्शक ते दुकान बघतात. मी रेकॉर्ड घेतली नाही, बॅगेत वाकेल म्हणून. अजून हळहळतो. जाणाऱ्यांनी बॅगेत पुठ्ठ्याचे दोन सपाट तुकडे घेऊन जा.

छत्रपती संभाजीनगर

उशीर होतो म्हणून चिडणाऱ्यांसाठी. मीही एका छपाईची नोंदणी करून चौदा महिने वाट पाहिली आणि रोज शिव्या दिल्या. नंतर कारण वाचलं. रेकॉर्डची खोबण आधी लॅकरचा (रोगणाचा) थर दिलेल्या तबकडीवर कापतात, त्यावरून धातूचे साचे बनतात आणि साच्यांतून प्लॅस्टिकची रेकॉर्ड दाबली जाते. त्या लॅकर तबकड्या बनवणारा कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला. त्यानंतर जगात उरला जपानमधला एक. रेकॉर्ड आली तेव्हा मी ती अर्धा तास नुसती हातात धरून बसलो होतो.

धागाकर्ता, पुणे

नाशिककर, तुमचा अनुभव वाचून घशाशी आलं. कामिनीचं लेबल कोणाकडे शाबूत असेल तर फोटो नक्की टाका.

ठाणेकर, तुमच्याशी थोडा वाद घालायचाय. मूळ प्रत उत्तम हे मान्य. पण ती किती जणांकडे आहे? मला डग्गा सापडला तो नव्या छपाईत. माझ्या खिशाला परवडणारी तीच होती. मूळ प्रतीसाठी थांबलो असतो तर कॅसेटवरचा ढोल ऐकतच म्हातारा झालो असतो.

ठाणे

बरोबर आहे तुमचं. मी संग्राहकासारखं बोललो, ऐकणाऱ्यासारखं नाही. पुण्यात आलो की सत्याहत्तरची प्रत घेऊन येतो, तुमच्याच टर्नटेबलवर दोन्ही लावू. डग्गा कुठे जास्त घुमतो ते तुम्हीच सांगा.

पणजी

मी गिटार वाजवते. जून २०२२ मध्ये मोरान्ते गेले तेव्हा 'सुस्पिरिया'ची बाजू लावून बसले होते. बाबा शेजारी येऊन बसले. ते ऐंशीच्या पुढचे आहेत. मुंबईत स्टुडिओंमधून व्हायोलिन वाजवायचे. साठच्या दशकातले रहस्यपट, भुताचे पिक्चर, खूप केले. दाराची कडी वाजते, मेणबत्ती विझते, त्या वेळी जे व्हायोलिन थरथरतं ना, तसल्या कामाला आमच्या गोव्याची माणसं भरपूर असायची. सकाळी जायचं, समोर कागद यायचा, वाजवायचं, पैसे घेऊन संध्याकाळची लोकल पकडायची. पिक्चर कोणता हे कधीकधी बाहेर पडताना कळायचं.

बाबांनी रेकॉर्ड संपल्यावर कव्हर मागितलं आणि मागची बाजू वाचली. कोणी काय वाजवलं ते एकेक नाव. बोटाने ओळ धरून वाचत होते. मला म्हणाले, "हांगा तबल्याचें पसून नांव आसा गो." (इथे तबल्याचंसुद्धा नाव आहे गं.)

त्यांनी वाजवलेल्या पिक्चरांच्या रेकॉर्ड्स आता पुन्हा निघतायत, जाड, चकचकीत, मोठ्या किमतीच्या. मी त्यातल्या तीन घेतल्या. संगीतकार, गीतकार, गायक, नट, सगळे आहेत. वाजवणाऱ्यांचा एक शब्द नाही. आणि बहुतेकांत फक्त गाणी आहेत, पार्श्वसंगीत नाहीच. म्हणजे बाबांचं जे खरं काम, ते थरथरणं, ते रेकॉर्डवर कधी आलंच नाही. पुनर्मुद्रण करणारे जुन्या टेप बाहेर काढतातच, तर तेव्हाचे वादक हयात आहेत तोवर त्यांना बोलावून नावं तरी लिहून घ्यावीत. फार लोक उरलेले नाहीत.

धागाकर्ता, पुणे

ताई, बाबांनी वाजवलेल्या पिक्चरांची नावं देता येतील का? आठवतील तेवढीच, वर्ष नको. इथे ज्यांच्याकडे त्या रेकॉर्ड्स असतील त्यांनी वाजवून, जिथे जिथे व्हायोलिनचा मोठा तुकडा आहे तो मिनिट-सेकंदासकट इथे लिहायचा. मी माझ्या कपाटापासून सुरुवात करतो.

नाशिक

मी पण. आजोबांच्या अजून चाळीसेक आहेत. त्यांना स्पिरिट लागलेलं नाही.

पणजी

बाबा झोपलेत आत्ता. सकाळी वही घेऊन बसते त्यांच्याजवळ.