मुलांच्या ग्राफिक नॉव्हेलला कोणती रेकॉर्ड? (सोसायटी ग्रुप)

ए-३०१ (वाचनतास): रविवारच्या वाचनतासाला या वेळी मुलांची ग्राफिक नॉव्हेल्स (चित्रांतून सांगितलेल्या कादंबऱ्या) काढतोय. बी-५०२ दादा टर्नटेबल आणि इंडी रॉकच्या (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या बँडच्या) रेकॉर्ड्स क्लबहाउसला आणणार आहेत. कुठल्या पुस्तकाला काय लावायचं ते सुचवा. फॉरवर्ड नकोत, प्लीज.

सी-१०४ काका: वाचताना गाणी कशाला? पोरांनी पुस्तकात बघायचं की गाण्याचे बोल ऐकायचे?

बी-५०२: काका, मुद्दा बरोबर आहे. म्हणून सुरुवात शॉन टॅनच्या ‘द अरायव्हल’ने (२००६) करू. सगळी गोष्ट चित्रांत, संवाद नाहीतच. परक्या शहरात आलेल्या माणसाला तिथल्या पाट्या वाचता येत नाहीत, आणि टॅनने ती लिपीच मनाने रचलीय, त्यामुळे आपणही त्याच्याइतकेच अडाणी. त्याला सिगुर रोस या बँडचा २००२चा अल्बम, ज्याचं नाव म्हणजे नुसते दोन कंस. गायक गातो त्या बोलांना अर्थ नाही, आणि सोबतच्या पुस्तिकेची पानं कोरी.

सी-१०४ काका: अर्थ नाही तर गायचं कशाला?

बी-५०२: काका, तुम्ही तराणा ऐकता ना?

सी-१०४ काका: 🙏 बरं. पुढे बोला.

बी-२०६: पण दादा, ते पोस्ट-रॉक झालं, म्हणजे संथ, लांबलचक वाजणारं. इंडी कुठे?

बी-५०२: रविवारी खोड्या काढायला सवड मिळेल तुला.

ए-७०३: माझ्या लेकीला ‘रोलर गर्ल’ हवंय. व्हिक्टोरिया जेमिसनचं, २०१५चं. जिवलग मैत्रीण बॅलेला जाते आणि ही रोलर डर्बीला, म्हणजे चाकांचे बूट घालून खेळायच्या धक्काबुक्कीच्या खेळाला.

बी-२०६: स्लीटर-किनी! ‘डिग मी आउट’, १९९७. तिघी जणी, दोन गिटार, बास गिटार नाहीच. गोष्ट अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमधली आणि बँड शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियाचा. याहून चांगली जोडी दाखवा.

बी-५०२: मला नाही पटत. विषय जुळला म्हणजे जोडी जमली असं नसतं. डर्बीच्या पानांवर ठीक, पण त्या पुस्तकात मैत्री तुटल्याची, नायिका ॲस्ट्रिडच्या घुसमटीची पानंही आहेत. तिथे ती रेकॉर्ड वाचणाऱ्याला ढकलत राहील. मी आधी चौकटी बघतो. पानावर बारीक बारीक चौकटी असल्या की नजर पळते, दोन पानांवर एकच चित्र आलं की थबकते. ‘अरायव्हल’मध्ये तर बोटीच्या प्रवासात दोन पानं नुसते ढग आहेत, छोट्या छोट्या चौकटींत. दिवस गेले हे त्या ढगांवरून कळतं. घाईची रेकॉर्ड लावली तर पोरं ती दोन पानं सरळ उलटून पुढे जातील.

बी-२०६: मग सारा व्हॅरनचं ‘रोबॉट ड्रीम्स’? त्यातही शब्द जवळजवळ नाहीत. ग्रँडॅडी बँडचा ‘द सॉफ्टवेअर स्लम्प’ लावू, २०००चा. रोबोला रोबो.

बी-५०२: अगं, त्या अल्बममधला जेड नावाचा रोबो दारू पिऊन मरतो! आठ वर्षांच्या पोरांसमोर?? आणि पुस्तकात रोबो गंजून समुद्रकिनाऱ्यावर पडलाय, ऋतू बदलतायत, तो स्वप्नं बघतोय. यो ला टेंगो बँडचा २०००चाच अल्बम घे, जवळजवळ कुजबुजत गायलेला. रोबोचं नावही नको.

सेक्रेटरी: क्लबहाउसचे स्पीकर रात्री ८ ला बंद. गेल्या महिन्यातलं विसरू नये.

ए-३०१: सर, आपलं सकाळी आहे.

ए-७०३: आणि सीसी बेलचं ‘एल डेफो’? तिचं स्वतःचं लहानपण, फक्त माणसांच्या जागी ससे. श्रवणयंत्राची बॅटरी उतरते तशी संवादाच्या फुग्यातली अक्षरं फिकट होत जातात, मग फुगा कोरा. तिथे गाणं वाजत असलं तर मला विचित्र वाटेल.

बी-२०६: ‘एल डेफो’वरच्या २०२२च्या टीव्ही मालिकेला वॅक्साहॅची या गायिकेची गाणी आहेत की. ती म्हणजे इंडीच, दादा 😄

बी-५०२: मालिकेत आवाज कमी-जास्त करणं त्यांच्या हातात होतं. इथे आठ मुलं आठ वेगवेगळ्या पानांवर असणार. ताई म्हणतात ते बरोबर, या पुस्तकाला रेकॉर्ड नको.

ए-७०३: किंवा एकानेच मोठ्याने वाचायचं आणि आवाजाचं बटण एका मुलाकडे द्यायचं. अक्षरं फिकी झाली की तो आवाज उतरवणार, फुगा कोरा आला की बंद.

बी-५०२: ताई, हे करूच. वॅक्साहॅची मी आणतो.

सी-१०४ काका: बटणासाठी मारामारी होईल. चिठ्ठ्या टाका.

ए-३०१: बरं. ‘अरायव्हल’ आधी, मग ‘एल डेफो’, वेळ उरला तर रोबो. पुस्तकं दुसऱ्यांदा वाचताना रेकॉर्ड लावू, पहिल्यांदा शांततेत. ‘रोलर गर्ल’ ज्याला हवं त्याने घरी न्यावं.

बी-२०६: ‘डिग मी आउट’ मी आणतेच आहे. डर्बीच्या पानांपुरती.

ए-३०१: आण. किती मोठ्याने ते मी ठरवणार.