सिरॅमिक कोटिंग: रोज खानापूर-बेळगाव, गाडी गडद निळी. कुठलं करून घेऊ?

मास्तरीण_खानापूर

नमस्कार. पुढच्या आठवड्यात नवी गाडी येतेय. गडद निळा रंग मी हट्टानं घेतला आणि आता सगळे घाबरवायला लागलेत की निळ्यावर बारीक ओरखडासुद्धा दिसतो. शाळा बेळगावात, त्यामुळं रोजचं जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. घरी शेड नाही, अंगणात जांभळाखाली लावणार. जांभळं पिकली की साळुंक्या काय करतात ते सांगायला नको. उन्हाळाभर लाल मातीचा फुफाटा, नंतर चार महिने पाऊस.

शोरूमवाला म्हणतो, सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर काचेसारखा पातळ थर, डिलिव्हरीआधी आम्हीच करून देतो, २२ हजार, पाच वर्षं वॉरंटी. बेळगावातला एक स्टुडिओ १५ हजार म्हणतो, ‘नाईन-एच’, तीन वर्षं. दुसरा ३० हजार, ग्राफीन (कार्बन मिसळलेलं कोटिंग म्हणे), दोन थर. तिघांनीही मोबाइलवर एकच प्रकार दाखवला: बॉनेटवर तांब्याभर पाणी ओततात आणि ते पाऱ्यासारखं पळतं. बाबा म्हणाले, “तेवढ्यात पत्र्याचं शेड होतंय की.”

यातलं काय घ्यावं? आणि ह्या लोकांना विचारायचं तरी काय?

कॅम्पातला_गडी

काही नको. डबीतलं वॅक्स आणा, दोन-तीन महिन्यांनी रविवारी तासभर हात फिरवा. माझी गाडी अकरा वर्षांची आहे, अजून लोक नवी काय म्हणून विचारतात. पावसाळ्यात वॅक्स लवकर उतरतं हे खरं, पण पावसाळ्यात गाडीकडं बघतंय कोण?

अनगोळचा_फौंड्रीवाला

ताई, बाबांचं ऐका, आधी शेड. मस्करी नाही करूलालो.

मी उद्यमबागला फौंड्रीत आहे. माझी पांढरी गाडी. तीन वर्षांमागं कोटिंग करून घेतलं, ते पण जुलैत! मला घाई, कारण रविवारी चोर्ल्यानं गोव्याला जायचं होतं. शनिवारी संध्याकाळी गाडी हातात आली आणि रविवारी सकाळी घाटात नुसता पाऊस. कोटिंगला पहिले २४ तास तरी पाण्याचा थेंब लागू द्यायचा नसतो, पुढं आठवडाभर शाम्पू नको. ते सावकाश पक्कं होत जातं. माझं कच्चं असतानाच भिजलं. टपावर गोल गोल डाग बसलेत, अजून तिरक्या उन्हात दिसतात. करणाऱ्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही, मग भांडणार कुणाशी?

आता बाटलीत काय असतं बघा. सिलिकाच्या जातीचा माल द्रावणात असतो, म्हणजे वाळू आणि काच ज्याची होते तोच. पुसून सुकलं की रंगावर काचेसारखा पापुद्रा धरतो. पण केवढा? एक-दोन मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कंपनीनं रंगावर दिलेला क्लिअर कोटच साधारण ४०-५० मायक्रॉन असतो. आमच्याकडं मशिन शॉपला मायक्रॉनवर पोरं शिव्या खातात, म्हणून मला हा हिशेब लगेच कळला. एवढ्याशा पापुद्र्यानं उडालेला खडा थांबत नाही, पोरांनी ओढलेली किल्लीही थांबत नाही. ‘नाईन-एच’ म्हणजे हिरा नव्हे. ती शिसपेन्सिलीची परीक्षा आहे: ठरावीक दाबानं ९एच पेन्सिल ओढली तर चरा उठत नाही, संपलं. रस्त्यावरची वाळू पेन्सिलीहून लई कठीण असते.

मग मी परत करून घेईन काय? घेईन. धुणं अर्ध्यावर येतं, लाल माती नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं निम्मी उतरते, चकाकी टिकते. साळुंकीचं मात्र त्याच दिवशी धुवायचं. कोटिंगमुळं थोडा वेळ मिळतो, माफी मिळत नाही.

खरा पैसा पॉलिशला द्यायचा. कोटिंग खाली जे असेल त्यावरच बसतं. वरवंटा फिरवल्यासारखे गोल चरे असतील तर तेच काचेखाली बंद होतात. नवी गाडी आहे म्हणून पॉलिश नको असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, शोरूमच्या यार्डात एकाच फडक्यानं वीस गाड्या पुसलेल्या असतात. मी तुमच्या जागी असतो तर शोरूमला लिहून दिलं असतं: गाडी धुऊ नका, पुसू नका, आहे तशी द्या.

विचारायचं एवढंच. धुतल्यावर रंगात रुतलेली घाण काढणार काय? माझ्या गाडीवर नारिंगी ठिपके होते. ग्राइंडिंगची लोखंडी धूळ रंगात रुतते आणि तिथंच गंजते. त्यावर आयर्न रिमूव्हर मारला की जांभळं पाणी गळतं. पहिल्यांदा ते बघून बायको म्हणाली, गाडीला काय झालंय, डॉक्टर बोलवू काय? मग, पॉलिश किती तास करणार, आणि त्याआधी रंगाची जाडी मीटरनं मोजणार काय? कारण प्रत्येक पॉलिशमध्ये क्लिअर कोट थोडा खरवडला जातो, तो परत येत नाही. कोटिंग बंद खोलीत करणार की उघड्या शेडात? आणि गाडी किती दिवस ठेवून घेणार? सकाळी द्या, संध्याकाळी न्या म्हणणाऱ्याला हात जोडा.

१५ हजारवाला दोन दिवस मन लावून पॉलिश करत असेल तर माझ्या मते तो ३० हजारांच्या ग्राफीनपेक्षा बरा. वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचा. बहुतेक ठिकाणी दर सहा-बारा महिन्यांनी त्यांच्याकडंच पैसे देऊन मेंटेनन्स करावा लागतो, चुकलं की वॉरंटी गेली.

निपाणीकर_२३

वरच्या भाऊंचं पटलं, एक भर घालतो. आमच्याकडं गाळप सुरू झालं की सकाळी गाडीवर काळी भुरी असते, कारखान्याच्या चिमणीतली राख. दवानं भिजून चिकटते. शेजारी रोज सकाळी कोरड्या फडक्यानं ती पुसतात आणि कोटिंग गेलं म्हणून ओरडतात. आधी पाणी, मग फेस, मग हात. दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पू आणि दुसरीत मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी.

मी रोज हायवेला असतो. खड्यांसाठी पीपीएफच. ती पॉलियुरेथेनची फिल्म असते, १५०-२०० मायक्रॉन जाड, मार ती खाते. अख्ख्या गाडीला परवडत नाही, म्हणून पुढचा बंपर आणि बॉनेटची पुढची पट्टी एवढंच केलं, बाकी कोटिंग. उसाच्या ट्रॉलीनं दार घासलं त्यावर मात्र अजून काही निघालेलं नाही.

मास्तरीण_खानापूर

सगळ्यांचे आभार. १५ हजारवाल्याला आज फोन केला. जाडीचं मीटर आहे म्हणाला, तीन दिवस गाडी ठेवून घेईन म्हणाला, आणि स्वतःच म्हणाला की पाऊस लागायच्या आत आणा. ३० हजारवाल्याला मीटरचं विचारलं तर ऑफर संपतेय म्हणाला!

अजून एकच. आमच्याकडं धुवायला बोअरचं पाणी आहे, आणि बादलीला पांढरा थर धरतो. चालेल काय?

अनगोळचा_फौंड्रीवाला

तोच तर घोळ आहे ताई. पाऱ्यासारखं पळतं म्हणून दाखवतात ना, ते थेंब पळाले नाहीत आणि उन्हात वाळले, तर क्षार जागच्या जागी गोल बसतात. कोटिंग असलेल्या गाडीवर हे डाग जास्तच उठून दिसतात. बोअरनं धुवायचं तर सकाळी लवकर, सावलीत, आणि एकेक भाग धुऊन लगेच मायक्रोफायबरनं टिपायचा. ताजा डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून निघतो, नंतर साध्या पाण्यानं धुवा. जुना रुतला की पॉलिशच.

पण खानापुरात राहून बोअर कशाला? पन्हाळीखाली पिंप लावा. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच. पहिल्या पावसाची कौलांवरची घाण जाऊ द्या, मग भरा.

मास्तरीण_खानापूर

पिंप आहे, बाबांनी केव्हाच लावलंय, झाडांसाठी. आता गाडीसाठी मागायचं म्हणजे आधी शेडचं कबूल करावं लागणार. पत्र्याचा भाव काढायला उद्या जाऊलालोय दोघं.