आयफोन १७ प्रो की सॅमसंग एस२५ अल्ट्रा? साईटवर वापरायचाय, रोज ठाणे ते खारकोपर

साईटवाला_कळवा

मंडळी मदत करा, पंधरा दिवस व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय. मी सिव्हिलवाला, राहायला कळव्यात, साईट उलव्याला. म्हणजे रोज ठाण्याहून नेरुळ आणि तिथून उरण लाईनची गाडी पकडून खारकोपर, सकाळी साडेसहाला घर सोडलं की परत यायला नऊ. जुना फोन चार वर्षं रेटला, मग एका अपडेटनंतर स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने डिस्प्लेचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी चहा पण न पिता निघालो. कंपनीचं नाव विचारू नका, उगाच इथे भांडणं लागतात.

आता आयुष्यात एकदाच महागातला घ्यायचा असं ठरवलंय. आयफोन १७ प्रो २५६ जीबी २०२५ च्या सप्टेंबरात आला तेव्हा १,३४,९०० ला होता, एस२५ अल्ट्रा २०२५ च्या जानेवारीत आला तेव्हा १,२९,९९९ होता, आता दुकानात त्याच्या बराच खाली मिळतोय. दिवाळीच्या सेलमध्ये घ्यायचा होता पण तेव्हा साईटवर स्लॅब भरायचा होता, सुट्टीच मिळाली नाही. बायको म्हणते एवढ्यात सोनं येतं, आणि खोटं नाही बोलत ती.

माझं काम सांगतो. स्लॅब भरायच्या आधी सळईचं चेकिंग असतं त्याचे फोटो लागतात, खालून शटरिंगमध्ये (स्लॅबच्या साच्यात) अंधार असतो तिथले पण. ड्रॉइंगच्या पीडीएफ उन्हात उभं राहून बघायच्या. सिम दोन, एक घरचं एक कंपनीचं. आणि कॉन्ट्रॅक्टर रोज सकाळी म्हणतो "साहेब काल तुम्हीच सांगितलं होतं", त्यामुळे कॉल रेकॉर्डिंग असेल तर देव पावला. गेम वगैरे खेळत नाही. रील्स बघतो, ते कबूल.

निवांत_नेरुळ

१७ प्रो वापरतोय सप्टेंबरपासून. डोळे झाकून घे.

बाकी सगळं सोड, खिशात घालून बघ आधी. १७ प्रो ६.३ इंच, २०६ ग्रॅम, अल्ट्रा ६.९ इंच आणि २१८. वजनात फार फरक नाही वाटणार पण ठाणे-नेरुळ गाडीत एका हाताने वरची कडी धरलीयस आणि दुसऱ्या हाताने मेसेज टाईप करतोयस, तिथे तो अल्ट्रा नाही झेपत, अंगठाच पोचत नाही. उन्हात स्क्रीन मस्त दिसते, ३००० निट्सपर्यंत (स्क्रीनच्या उजेडाचं माप) जाते, सॅमसंगची २६००.

दुसरं म्हणजे तू सिव्हिलवाला आहेस आणि लायडार कोणी सांगितलं नाही तुला? कॅमेऱ्याशेजारी तो काळा ठिपका असतो तो, प्रकाशाने अंतर मोजणारा सेन्सर. खोली स्कॅन करून थ्रीडी मॉडेल बनवता येतं, मापं घेता येतात. सॅमसंगमध्ये ते नाही.

आणि व्हिडिओ. व्हिडिओत आयफोनला तोड नाही, ह्यावर वाद घालू नका. मी रविवारी सकाळी फ्लेमिंगो बघायला जातो इथल्या डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर, पक्षी आले असतील तेव्हा नुसतं धरून उभं राहायचं, हलत नाही काही. हां, फोटोत लांबचा पक्षी मात्र दोन्हीत गुलाबी ठिपकाच दिसणार, झूम ४एक्स असो की ५एक्स. त्यासाठी ऐरोलीहून बोटीने जा नाहीतर मोठी लेन्स घे.

खडी_आणि_रेती

साईटवाल्या मित्रा, वीस वर्षं ह्याच धंद्यात आहे म्हणून जरा लांबलचक लिहितो, वाच.

लायडारचं आधी. भारी वाटतं ऐकायला, पण त्याची पोच पाचेक मीटर आणि माप येतं ते अंदाजाचं. इंटिरियरवाल्याला चालेल, फ्लॅटचा कच्चा प्लॅन लगेच काढून देतो. तुला बीमच्या सळईचं स्पेसिंग (दोन सळयांमधलं अंतर) १५० मिमी आहे की १७५ हे बघायचंय, त्याला टेपच लागणार, आणि लांबची मापं घ्यायला लेझर मीटर मिळतो काही हजारांत, तो पडला तरी रडू येत नाही. लायडारसाठी आयफोन घेऊ नकोस. दुसऱ्या कारणासाठी घ्यायचा असेल तर घे.

आता अल्ट्रासोबत येतं ते पेन. लोक हसतात त्या पेनला, मी पण हसायचो. मी एस२४ अल्ट्रावर आहे, पीडीएफ उघडायची, जिथे सळई कमी पडली तिथे लाल गोल करायचा, बाजूला दोन शब्द खरडायचे आणि तिथूनच ग्रुपवर टाकायचं. बोटाने हेच करून बघ, गोल मारायला जाशील आणि पान सरकेल. पावसात तर विचारूच नको, ओल्या काचेवर बोटाचा टच वेड्यासारखा वागतो, पेनची यंत्रणा वेगळी असल्यामुळे ते चालत राहतं. एस२५ मध्ये पेनचं ब्लूटूथ काढून टाकलंय म्हणून बोंबाबोंब झाली होती, पण त्याने जातं काय तर लांबून बटण दाबून फोटो काढायची सोय. लिहिण्यात काही फरक नाही. मी ते बटण दोन वर्षांत एकदा वापरलं, साडूच्या मुलीच्या बारशाला.

उन्हाचं म्हणशील तर निट्सच्या आकड्यावर जाऊ नको. दुपारी बारा वाजता स्लॅबवर त्रास होतो तो काचेत आपलंच थोबाड दिसतं त्याचा. अल्ट्राच्या काचेला चकाकी कमी करणारं कोटिंग एस२४ पासूनच आहे, १७ प्रोला पण दिलंय. दोन्ही दुकानाच्या बाहेर आणून उन्हात धरून बघ. दुकानदार कुरकुरेल, करू दे, सव्वा लाख आपले जाणारेत.

आणि हे सगळं बाजूला ठेव, तुझा खरा प्रश्न सिमचा आहे आणि त्याबद्दल इथे अजून कोणी बोललंच नाही. इथे मिळणाऱ्या १७ प्रोत एकच सिम आत बसतं, दुसरं ईसिम (कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम) करावं लागतं. अल्ट्रात दोन्ही सिम जशीच्या तशी बसतात. तुझं एक सिम कंपनीच्या नावावर आहे ना? ते तू ईसिम करू शकत नाहीस, कंपनीच्या ॲडमिनकडून रिक्वेस्ट जावी लागते, आणि आमच्या ॲडमिनला हेल्मेटचा इंडेंट (मागणीपत्र) पास करायला महिना लागतो. घरचं सिम ईसिम करशील, ठीक आहे, पण उद्या फोन चौथ्या मजल्यावरून खाली गेला तर सिम काढून कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये टाकलं आणि बोलायला लागलं, ते नाही होणार. आपल्या कामात हे होतं. माझं दोनदा झालंय.

गोखले_रोड_गिरीश

बायकोचं ऐक. सोनं घे. फोटो दोन्हीचे चांगले येतात 😄

घणसोलीची_ताई

मी ऐरोलीत टेस्टिंगला आहे, दोन्ही फोन हातात असतात दिवसभर, म्हणून लिहितेय. दादा, तुमचा आत्ताचा फोन अँड्रॉइड आहे असं धरते. तर आयफोनवर जायचं असेल तर व्हॉट्सॲपचं आधी ठरवा. गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर उघडत नाही. मूव्ह टू आयओएस नावाचं ॲप आहे त्यानेच चॅट न्यायचे आणि ते पण नवीन फोन पहिल्यांदा सेट करतानाच. आमच्या इथल्या एकाने आधी फोन सुरू केला, सगळी ॲप टाकली, चार दिवस वापरला आणि मग विचारतो चॅट कसे आणू. मग काय, पुसून परत पहिल्यापासून. तुमचे साईटचे ग्रुप, चेकिंगचे फोटो सगळं त्यात असणार, तर दुकानातल्या पोराच्या हातात घाईघाईत सेट करायला देऊ नका, घरी वायफायवर सावकाश करा.

आयफोनचे फोटो एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह होतात, ऑफिसच्या जुन्या विंडोजवर ते उघडताना रडारड होते. सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कंपॅटिबल केलं की साधे जेपीजी येतात. तारीख-लोकेशन छापणारी जीपीएस कॅमेऱ्याची ॲप दोन्हीकडे आहेत, त्याची काळजी नको.

कॉल रेकॉर्डिंग आयफोनला पण आलंय आयओएस १८.१ पासून, पण सुरू केलं की समोरच्याला सूचना ऐकू जाते. म्हणजे तुमचा कॉन्ट्रॅक्टर लगेच सावध! सॅमसंगच्या डायलरमध्ये आपल्याकडे ते गपचूप होतं. पण खरं सांगू का, रेकॉर्डिंग ऐकत कोण बसतंय, बोलणं झालं की तेच दोन ओळीत ग्रुपवर टाकायचं, "आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे…" करून. माझे मिस्टर कॉन्ट्रॅक्टर आहेत, त्यांना ह्याचीच भीती वाटते.

पैशाचं बघा. जीएसटी कमी झाला २०२५ च्या सप्टेंबरात पण मोबाईलला १८ टक्केच आहे, कोणी "नवीन रेट" म्हणून गंडवत असेल तर हसा आणि पुढे चला. नो कॉस्ट ईएमआय म्हणतात त्यात पण व्याजाच्या रकमेवर जीएसटी लागतो आणि बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी, स्टेटमेंट आलं की मग कळतं. आणि सॅमसंगचा नवा अल्ट्रा दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत येतो, एस२४ १७ जानेवारी २०२४ ला आला होता, एस२५ २२ जानेवारी २०२५ ला. घाई नसेल तर थोडं थांबलात तर आत्ताचा अजून उतरेल.

निवांत_नेरुळ

ताई, उतरेल हाच तर प्रॉब्लेम आहे ना! तीन वर्षांनी विकायला गेला की कळेल. आयफोनला जी किंमत येते ती सॅमसंगला येत नाही, वाशीला रघुलीला मॉलमध्ये जाऊन कोणालाही विचारा.

खडी_आणि_रेती

विकणाऱ्याला ते लागू. हा माणूस चार वर्षं रेटतो आणि हिरवी रेघ आली की मग जागा होतो. ह्याच्या फोनला साईटवर तीन वर्षांनी कोण विचारणार, कडा बघून घेणारा पळेल. १७ प्रोची बॉडी आता टायटॅनियमची नाही, ॲल्युमिनियम आहे, सिमेंटच्या पोत्यावर ठेवून ठेवून काय अवस्था होईल बघ. कव्हर लावणारच म्हणा.

अपडेटचं दोन्हीकडे ठीक आहे. सॅमसंगने सात वर्षांचा शब्द दिलाय, ॲपल आकडा सांगत नाही पण २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ चं आयओएस २६ मिळालं.

साईटवाला_कळवा

सगळ्यांचे आभार, एवढं घरचे लोक पण सांगत नाहीत.

शनिवारी साईटवरून लवकर सुटलो तर आधी ॲडमिनला फोन लावला. ईसिमचं विचारलं तर बाई म्हणाल्या, "कसलं सिम?" मग मेल टाका म्हणाल्या. टाकलाय. खडीदादा तुमच्या ॲडमिनची सख्खी बहीण दिसते.

मग राममारुती रोडला एका दुकानात गेलो. दोन्ही हातात घेतले. निवांत भाऊ तुमचं खरं आहे, १७ प्रो हातात असा बसतो की सोडवत नाही, आणि अल्ट्रा शर्टाच्या खिशात घातला तर खाली वाकल्यावर बाहेर डोकावतो, मी दिवसातून पन्नास वेळा वाकतो. तिथे अर्धा तास मन तिकडेच होतं. मग दुकानदाराला म्हटलं दोन मिनिटं बाहेर उन्हात नेऊ का, तो म्हणाला माणूस बरोबर येईल. आला. फुटपाथवर उभं राहून आमच्या बी-विंगच्या कॉलमचं ड्रॉइंग उघडलं दोन्हीवर (मेलवरून उतरवलं, नंतर पुसलं). १७ प्रोवर झूम करत करत जावं लागत होतं, सारखं डावीकडे उजवीकडे. अल्ट्रावर अख्खा कॉलम नंबरासकट दिसला आणि पेनने एक गोल मारून बघितला. दुकानाचा पोरगा म्हणाला, साहेब तुमचं झालं.

बॅटरीचा निकाल तिथे लागणार नव्हता. ५००० एमएएच सॅमसंग २०२० च्या एस२० अल्ट्रापासून देतंय, वाढवत नाही, पण दिवस निघेल. पॉवरबँक बॅगेत असतेच.

तर अल्ट्राच, पण जानेवारीपर्यंत थांबतो, रेघ आहे तर आहे, आता ती घरातलीच झालीय. सहा-सात आठवडे ड्रॉइंगमध्ये एक सळई जास्त दिसेल एवढंच. बायकोला म्हटलं उरलेल्या पैशात तुला काहीतरी, तर म्हणाली उरले की सांग.

एक राहिलंच, अल्ट्राला टेम्पर्ड काच लावू का?

घणसोलीची_ताई

साधी लावलीत तर ती चकाकी कमी करणारी काच खाली झाकली जाते, मग उन्हात परत आरसा. लावायचीच तर अँटी-रिफ्लेक्टिव्हवाली बघा, थोडी महाग पडते.

खडी_आणि_रेती

लाव. काच फुटण्यापेक्षा आरसा परवडला. आणि नवीन फोन हातात आला की पहिल्याच दिवशी *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख नंबर) लिहून घरी ठेव, ठाणे स्टेशनला संध्याकाळी जी गर्दी असते त्यात गेला तर पोलिसात तक्रार करून सरकारच्या संचार साथी साईटवर ब्लॉक करता येतो, पण नंबर हातात पाहिजे.

गोखले_रोड_गिरीश

सोनं ब्लॉक करावं लागत नाही, एवढंच सांगतो.